शनिवारची चव बुधवारी

दुसऱ्याच्या ताटात नाक खुपसणं हा मूलभूत हक्क आहे असं मानणारी अख्ख्या पुण्यात एकच व्यक्ती असेल, आणि ती हडपसरला आमच्या वरच्या मजल्यावर राहते. काकूंनी एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये जन्मभर स्वयंपाक केला. निवृत्त झाल्या त्या फक्त पगारातून. लिफ्टमध्ये कुणाचा डबा दिसला की त्या झाकण उघडायला लावतात. तिसऱ्या मजल्यावरच्या आयटीतल्या मुलाच्या नूडल्स बघून म्हणाल्या होत्या, "नाड्या शिजवल्यास वाटतं? बूट उद्या का?" लग्नात त्या नवरा-नवरीच्या आधी आचाऱ्याला भेटतात, आणि कढईत काळं तेल दिसलं तर आहेराचं पाकीट परत पर्समध्ये जातं. कुपोषण हा व्यवस्थेचा गुन्हा आहे, असं सांगणारं माझं पत्रक मी त्यांना दिलं, तेव्हा चष्मा पुसून त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं आणि विचारलं, "छान. यात डाळ किती पडली?" मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही.

पण प्रश्न डाळीचाच होता. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या संगीताताईंची मुलगी सोसायटीमागच्या सरकारी शाळेत दुसरीला आहे. ती शाळेतलं जेवण टाकून टपरीवरचं पिवळ्या नळ्यांचं पाकीट खाते हे कळताच काकू मला घेऊन थेट शाळेत गेल्या. वार बुधवार. ठेकेदाराच्या टेम्पोतून खिचडी उतरली. काकूंनी घास तोंडात घातला आणि तसाच बाहेर काढला. "आंबलीय. आणि डाळ गावाला गेलेली दिसतेय." मुलांना वाढण्याआधी शिक्षकांनी चाखून वहीत सही करायची, असा नियम आहे. काकूंनी वही मागितली. त्यात शनिवारपर्यंत 'चव उत्तम' लिहून सह्या झालेल्या होत्या. "अहो सर," त्या मुख्याध्यापकांना म्हणाल्या, "शनिवारची खिचडी आपण आजच चाखलीत? आपली जीभ पंचांगाच्याही पुढे आहे."

मला हसू आलं नाही. ज्या बायका रोज सकाळी आमच्यासाठी मऊ पोळ्या लाटतात, त्यांच्या पोरांना आंबलेलं पाणी वाढायचं आणि वर 'उत्तम' अशी सही ठोकायची? याला मी चोरीच म्हणते, तीही पोरं कुणाची आहेत हे नीट बघून केलेली. दोन चौक पलीकडे मोठ्या फीच्या शाळा आहेत. तिथे असं एक पातेलं उतरवून दाखवा!

काकूंनी पत्रक काढलं नाही. संध्याकाळी वस्तीत जाऊन त्यांनी अकरा जणी गोळा केल्या. रोज पाळीपाळीने दोघींनी टेम्पोपाशी उभं राहायचं, चाखायचं, मगच पातेलं आत. ठेकेदाराचा माणूस खेकसला, "बायांनो, कामं न्हाईत का तुम्हाला?" संगीताताई म्हणाल्या, "कामं टाकूनच आलोय. आमची पोरं खानार हायेत, आमी चाखनार." सलग तीन दिवस पातेलं परत गेलं. त्या तीन दिवसांत पोरं उपाशी राहू नयेत म्हणून काकूंनी सोसायटीच्या गच्चीवर मुगाची खिचडी शिजवली, आणि मी दारोदार डाळ मागत फिरले. सेक्रेटरी म्हणाले, "गच्चीवर शेगडी नियमात बसत नाही." काकू म्हणाल्या, "मग उभ्याने ढवळते."

सोमवारी शाळा नमली. चाखण्याचा हक्क लेखी मिळाला. मात्र ठेकेदाराच्या माणसाने त्या कागदात एक ओळ घालून घेतली: चाखायला फक्त मुलांचे पालक. काकूंना मूलबाळ नाही, हे त्याला कुणीतरी सांगितलेलं असणार. तो हसून म्हणाला, "काकू, इथं तुमचं कोण हाय?" काकूंनी चाखायचा चमचा पुसून पर्समध्ये टाकला.

मी पेटले. त्या एका ओळीसाठी शाळेवर मोर्चा नेते म्हटलं. "काही नको," काकू म्हणाल्या. "तो कागद फाटला तर पोरांची डाळ पुन्हा पाण्यात. माझं काय, मी घरी जेवते."

हल्ली जेवणाच्या सुट्टीत त्या शाळेच्या भिंतीबाहेर छत्री उघडून उभ्या असतात. गेल्या आठवड्यात मी विचारलं, इथून तुम्हाला काय दिसतं? त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. आतून फक्त ताटल्या-चमच्यांचा आवाज येत होता. "जेवण वाईट असलं की पोरं बडबडतात," त्या हळूच म्हणाल्या. "आज गप्प आहेत." एवढ्यात आतून एक बारीक आवाज आला, "बाई, अजून!" आणि भिंतीच्या अलीकडून, भर रस्त्यावर, काकू ओरडल्या, "वाढा हो! पोटभर वाढा!"

कोण ओरडलं, ते आत कुणालाच कळलं नसेल.