पहिलं क्रेट चेअरमनचं

रंगनाथ गेल्याचा फोन आला तेव्हा मी शहरातल्या द्वारका चौकात रिक्षात अडकलो होतो. मांडीवर शाल, नारळ आणि एक जडशीळ सन्मानचिन्ह. ‘संस्थेत बदल कसा टिकवावा’ या विषयावर भाषण ठोकून परतत होतो. माझा चेहरा बघून रिक्षावाल्याने विचारलं, “काय झालं बाबा?” मी म्हटलं, “हा नारळ ज्याला मिळायला हवा होता, तो गेला.” तो बिचारा आरशातून नारळाकडेच बघत राहिला...

रंगनाथ आमच्या गावच्या टोमॅटो उत्पादक सोसायटीचा सचिव. शाळेपासूनचा माझा मित्र, आणि मी चेअरमन झाल्यावर माझ्या डोक्याचा कायमचा ताप. त्या काळी गावात सगळे क्रेट एकाच रीतीने भरत : तळाशी बारका माल, वर निवडक, लालबुंद. व्यापाऱ्यांना हे पाठ होतं, त्यामुळे चांगला मालही ते संशयानेच घेत. चेअरमन होताच मी सभेत गर्जना केली, “उद्यापासून तळापासून वरपर्यंत एकसारखा माल! ज्याच्या क्रेटात बारका निघेल, त्याची गाडी रांगेच्या शेवटी!” टाळ्या पडल्या. रंगनाथने हळूच विचारलं, “आप्पा, ठराव पेनानं लिहू का पेन्सिलीनं?”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने लिलावाच्या ओट्यावर ताडपत्री अंथरली आणि समोर आलेलं पहिलंच क्रेट उलटं केलं. ते माझं होतं. तळातले गोट्यांएवढे टोमॅटो घरंगळत थेट व्यापाऱ्यांच्या पायाशी गेले. मी गड्यांवर खेकसलो. रंगनाथ म्हणाला, “त्यांना कशाला बोलतो? त्यांना भरायला कुणी शिकवलं? चल, घे गाडी मागं.” दुपारपर्यंत मी उन्हात रांगेच्या शेवटी उभा होतो. लोक मुद्दाम चालत येऊन मला बघून जात होते. “चेअरमनलाच सोडलं नाय, आपलं काय खरं हाय!” म्हणत घरी गेले आणि संध्याकाळी माल निवडायला बसले.

मी मात्र त्याच संध्याकाळी दोन संचालकांना गाठून रंगनाथला काढायची भाषा केली. ते त्याच्या कानावर गेलंच. मग त्याने काय करावं? गावभर सांगत सुटला, “आप्पांनी मुद्दाम स्वतःचं क्रेट पुढं केलं! तळाला बारका मालही मुद्दाम भरला, लोकांना धडा मिळावा म्हणून!” हे मी ऐकलं, आणि खोटं आहे असं म्हणायला तोंड उघडलंच नाही. गोष्ट तालुक्यात पसरली. मला भाषणांची बोलावणी येऊ लागली. मी व्यासपीठावर त्याग, नेतृत्व वगैरे बोलत असे आणि रंगनाथ शेवटच्या रांगेत बसून स्वतःचा नाश्ता संपवून माझाही संपवत असे.

एकदा परतताना मी न राहवून विचारलं, “रंग्या, खोटं का सांगतोस रे?”

“माझं नाव लावलं तर पुढचा चेअरमन पहिल्याच दिवशी बंद करील. सचिवाचं कोण ऐकतं? पण चेअरमनचा मोठेपणा म्हटलं की, प्रत्येकाला तो करून दाखवावा लागतो. तू फक्त गप बस. तेवढं तुला छान जमतं.”

आणि झालंही तसंच. पॅनेलं बदलली, एकमेकांचं तोंड न बघणारे निवडून आले, पण प्रत्येकाने पहिलं क्रेट आपलंच ठेवलं. एकाने तर टोमॅटो फडक्याने पुसून आणले होते.

रंगनाथच्या शोकसभेत मी सगळं खरं सांगून टाकलं. आताचा चेअरमन संदीप गहिवरून म्हणाला, “बघा आप्पांचा मोठेपणा! श्रेयसुद्धा मित्राला देऊन टाकलं!” शोकसभेत माझ्यासाठी टाळ्या पडल्या... म्हणून हे लिहायला घेतलं. पण भीतीही होती. दुखवटा म्हणून थांबवलेलं क्रेट उलटणं आठवडे लोटले तरी सुरू झालं नव्हतं. ‘नवा सचिव आला की बघू’ एवढंच सगळे म्हणत होते. त्यात मीच ही थाप उघडी पाडली, तर रंगनाथने जन्मभर सांभाळलेलं सगळंच कोसळायचं. म्हणून छापायला देण्याआधी संदीपला वाचून दाखवलं.

“म्हणजे आप्पा, तुम्ही सापडला होता?”

“रंगेहाथ.”

“आन् मी येडा तुमच्यासारखं व्हायचं म्हणून रोज...” तो उठून गेला.

सकाळी धास्तावून ओट्यावर गेलो. ताडपत्री अंथरलेली होती. संदीपने माझ्याकडे एक जळजळीत नजर टाकली, आपल्या पिकअपमधलं क्रेट ओढलं आणि स्वतःच्या हाताने उलटं केलं. तळातून चार बारके टोमॅटो निघाले. गाडीजवळ उभी असलेली त्याची आई म्हणाली, “पाखरानं टाकले असतील.”

“क्रेटाच्या तळाला?” कोणीतरी म्हणालं, आणि ओटा हसून हसून लोटपोट झाला.

“आई, बस गाडीत,” संदीप म्हणाला. चेहरा टोमॅटोसारखाच झालेला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं, सांगणारा आता नव्हताच. रिव्हर्सचं गाणं वाजवत त्याची पिकअप हळूहळू मागे निघाली, थेट रांगेच्या शेवटाकडे. आणि ती जसजशी मागे सरके, तसतसा वाटेतल्या प्रत्येक गाडीतून एकेक जण खाली उतरून गुपचूप आपल्या क्रेटाच्या तळाशी हात घालू लागला.