माझ्या हातावर शिकलेली

तिला सुई धरता येते ती माझ्यामुळे, हे मी आधीच सांगून टाकते. कॉलेजात सगळे तिचं कौतुक करायचे, "काय हलका हात आहे हिचा" म्हणायचे, तेव्हा माझ्या मनात एकच यायचं. हात तिचा कसला, हात माझा. माझ्याच हातावर टोचून टोचून ती शिकली. मी मात्र तिच्या हातावर शिकू शकले नाही, आणि ते मला सहन व्हायचं नाही.

दोहाच्या अल हिलाल भागात आमच्या घरमालकानं एका जुन्या व्हिलात सहा बिऱ्हाडं बसवली आहेत. खाली आम्ही, समोरच्या दारात ती. मी सांगलीची, नवरा मोठ्या इमारतींचे एसी दुरुस्त करतो. ती रत्नागिरीकडची कोकणी मुसलमान, तिचा नवरा एका ट्रेडिंग ऑफिसात क्लार्क. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. माझ्या नवऱ्याला भाऊ म्हणायची, म्हणून मी तिची वैनी. आमच्या घरातली साखर तिच्या डब्यात आणि तिच्या घरातला नारळ माझ्या आमटीत, इतकं येणंजाणं.

मेडिकल असिस्टंटच्या कोर्सचं मी वाचलं तेव्हा माझं लग्न होऊन बारा वर्षं झाली होती. दवाखान्यात डॉक्टरच्या आधी पेशंटला जी भेटते ती बाई. वजन घ्यायचं, बीपी बघायचं, रक्त काढायचं, फाइल लिहायची. केमिस्ट्रीची बी.एस्सी. होऊन मी इतकी वर्षं फक्त कुकरच्या शिट्ट्या मोजत होते. नवरा म्हणाला, "कर की. घरात बसून तरी काय करतीस?" पण कम्युनिटी कॉलेजला एकटीनं बसनं जायला नको वाटत होतं. म्हणून मीच तिच्या मागे लागले.

"मना नाय जमायचा, वैनी. बारावीला पुस्तका बंद केली ती केली," ती म्हणाली.

मी म्हटलं, मी आहे ना. तिचा फॉर्म मी माझ्या लॅपटॉपवर भरला. त्या दिवशी लॅपटॉपची बॅटरी का उतरली नाही, असं मला पुढे कितीदा तरी वाटलं.

पहिले दोन महिने माझे होते. शरीराच्या भागांची लॅटिन नावं, औषधांची मापं, सगळं मला पटापट यायचं. बसमध्ये ती वही मांडीवर घेऊन विचारायची, "हायपो म्हंजे कमी न् हायपर म्हंजे जास्ती, असाच ना?" मी खिडकीबाहेर बघत, फार काही नाही अशा थाटात उत्तर द्यायचे. मला ते फार आवडायचं. लेखी परीक्षेत मी वर्गात पहिली आले आणि ती कशीबशी पास झाली. मीच तिची समजूत काढली. अगदी मनापासून काढली, तेही खरं.

मग सुया आल्या.

आधी रबरी हातावर सराव केला. त्यानंतर मॅडमनी जोड्या लावल्या. मॅडम मूळच्या मनिलाच्या, आयुष्यभर हॉस्पिटलात नर्स होत्या. एकमेकींच्या हातातून रक्त काढायचं आणि शेवटपर्यंत जोडी बदलायची नाही, असा त्यांचा नियम होता. आम्ही दोघी शेजारी बसलो होतो, त्यामुळे आमचीच जोडी लागली. माझ्या शिरा पहिल्यापासून वर आलेल्या. दंडाला पट्टा बांधला की कोपराच्या आत हिरवी दोरी दिसते. तिनं पहिल्याच दिवशी सुई सरकवली आणि नळीत रक्त आलं. ती आनंदानं ओरडली, "वैनी, तुमचा हात म्हंजे दोहाचा रस्ता हाय. रुंद न् सरळ!" सगळ्या हसल्या. मीही हसले.

तिचे हात गोरे, गुबगुबीत, लोण्यासारखे. शिरा कुठे आहेत ते तिच्या आईलाही ठाऊक नसेल. मी चाचपायचे, अंदाजानं टोचायचे, नळी रिकामीच. पुन्हा टोचायचे. तिच्या हातावर निळेजांभळे डाग पडायचे आणि ती लांब बाह्यांचे कपडे घालून ते झाकायची. एकदा तिच्या नवऱ्यानं ते पाहिले. त्यानं काही विचारायच्या आत ती म्हणाली, "शिकतावं आमी, असा व्हताच." ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

बघता बघता ती माझा हात न बघता काढायला लागली. मग इतरांचे हात, जाड, बारीक, केसाळ, कसलेही. सरावाला काही वयस्कर बायका यायच्या, त्या हिच्याकडेच रांग लावायच्या. ती त्यांच्याशी मोडकंतोडकं अरबी बोलायची, "यल्ला, खलास, शुक्रन," म्हणजे चला, झालं, आभार, एवढ्या तीन शब्दांवर ती त्यांची लेक होऊन जायची. मी तिच्या बाजूला कापूस आणि पट्ट्या घेऊन उभी. पहिली आलेली बाई कापूस धरायला.

घरीसुद्धा तेच. माझ्या मुलीला ताप आला. मी थर्मामीटर काढला, तर ती पांघरुणातून म्हणाली, "मम्मा, कॉल आंटी. शी इज बेटर." माझ्या पोटची पोर. नवरा हसत म्हणाला, "अगं, पोरांना काय कळतंय." मला कळत होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली.

माझ्या पोटात दुखत होतं, याला दुसरा शब्द नाही. मी तिला शिकवलं, मी आणलं, तिच्या सुईखाली रोज हात ठेवला, आणि लोक तिलाच विचारतात. शिवाय ती गोड. वाईट बाईचा हेवा करणं सोपं असतं, निदान चार शिव्या तरी देता येतात.

शेवटच्या महिन्यात मॅडमनी सांगितलं की अल गराफातल्या एका बायकांच्या क्लिनिकला कॉलेजातून एक मुलगी हवी आहे. सहा महिने शिकाऊ म्हणून, मग चांगलं काम केलं तर कायमची. जागा एक. लेखीत माझं नाव वर होतं, हातात तिचं. म्हणून मॅडमनी ठरवलं की रक्त काढायच्या परीक्षेवर निकाल लावायचा. आपल्या जोडीदारणीच्या हातातून काढायचं, जास्तीत जास्त दोन सुया, जिची नळी भरेल तिला जागा. दोघींच्या भरल्या किंवा दोघींच्याही रिकाम्या राहिल्या, तर लेखीचे मार्क बघू.

मला ती जागा किती हवी होती ते कसं सांगू? माझ्या इथल्या रहिवासी कार्डावर मी फक्त कुणाची तरी बायको आहे. दवाखान्याचा पांढरा कोट, छातीवर माझं नाव, सकाळी नवऱ्याबरोबर मीही चप्पल घालून बाहेर. आणि मला तेव्हा वाटलं, दोघींच्या नळ्या भरणं शक्यच नाही. तिच्या हातातून मला रक्त येणार नाही आणि माझ्या हातातून तिला शंभर टक्के येणार. तिची नळी भरू न देणं एवढंच माझ्या हातात होतं.

परीक्षा रमजानात पडली होती. तिचे रोजे चालू होते. रक्त काढल्यानं रोजा तुटत नाही, हे तिनं मशिदीत विचारून घेतलं होतं. परीक्षेच्या आदल्या दिवशी ती कपडे वाळत घालत होती आणि मी तिला म्हटलं, "उद्या मीपण तुझ्याबरोबर रोजा धरते. सोबत."

तिच्या हातातली चादर खाली पडली. "पानी पन नाय प्यायचा असता वैनी. तुमचं साबुदान्याचं उपास नायत हे."

"माहीत आहे मला," मी म्हणाले.

तिनं ओल्या हातांनीच मला मिठी मारली. संध्याकाळपर्यंत सहाही बिऱ्हाडांना कळलं होतं की सांगलीची वैनी शेजारणीसाठी रोजा धरणार. पहाटे सहेरीला, म्हणजे रोज्याआधीच्या जेवणाला, या म्हणाली. मी म्हटलं, मी घरीच खाईन. खरं तर मी आदल्या संध्याकाळच्या चहानंतर काहीच घेतलं नव्हतं, पाण्याचा घोटही नाही. अंगात पाणी कमी झालं की शिरा बसतात, हे लेखीच्या पेपरात मीच सगळ्यांत छान लिहिलं होतं. सकाळी बसमध्ये एसीच्या झोताखाली बाही वर करून बसले, म्हणजे हात गार पडून शिरा आणखी बसतील. ती शेजारी बसून ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होती. मी विचारलं तर म्हणाली, दोघींसाठी दुवा मागतेय.

मॅडमनी आमच्याकडे बघितलं आणि विचारलं, दोघींचे उपास आहेत का, हवं तर आज जोडी बदला. नियम मोडायला त्या तयार होत्या. पण तीच म्हणाली, नको मॅडम, वैनींचा हात मी डोळे मिटून ओळखते.

पहिली पाळी तिची. तिनं पट्टा बांधला, माझ्या कोपराशी बोट ठेवलं आणि थांबली. जिथे दोरी असायची तिथे काहीच नव्हतं. तिनं माझा हात दोन्ही तळव्यांत धरून चोळला, गरम केला, मूठ उघड-बंद करायला लावली. मी मूठ उघडली-मिटली, पण जोर लावला नाही. तिनं सुई घातली. नळी रिकामी. "दुखला काय, वैनी?" तिनं विचारलं. मी नाही म्हणाले. करंगळीच्या बाजूला एक खोल शीर आहे, तिथे हमखास मिळते. ते मला ठाऊक होतं, तिला त्या घाईत आठवत नव्हतं. मी गप्प बसले. दुसऱ्या सुईलाही एक थेंब आला आणि थांबला. तिनं सुई काढली, कापूस दाबून धरला आणि मॅडमकडे बघून मान हलवली. रडली वगैरे नाही. माझ्या हातावरची पट्टी मात्र तिनं नेहमीसारखीच नीट लावली.

मग माझी पाळी. दोघींच्याही नळ्या रिकाम्या राहिल्या तर लेखीवर निकाल लागेल, म्हणजे मला काही अवघड नव्हतं. मी तिच्या गोऱ्या हाताला पट्टा बांधला आणि चाचपलं. बोटाखाली काहीतरी उसळलं. मला खरंच वाटेना. भरलेली, घट्ट शीर, मी तिच्या हातात कधीही न पाहिलेली. मी सुई सरकवली आणि नळीत रक्त आलं, गडद, भराभर. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हातातून मला पहिल्या टोचण्यात मिळालं. मॅडमनी टाळी वाजवली. तीही वाजवायला निघाली, पण एक हात माझ्या ताब्यात होता, म्हणून तिनं मांडीवरच थाप मारली.

जागा मला मिळाली. परतीच्या बसमध्ये तीच बोलत होती, मी क्लिनिकला काय नेसून जायचं, डबा कुठला न्यायचा. मी जिंकले होते, आणि मला त्याची मजा येत होती. खोटं कशाला बोलू? घसा कोरडा पडला होता तरी मजा येत होती.

इफ्तारला, रोजा सोडायला, तिनं आम्हा सगळ्यांना बोलावलं. जमिनीवर जेवणाचा दस्तरखान अंथरलेला, दोन्ही नवरे, माझी मुलगी, भजी, फळं, आणि तिनं सासूच्या पद्धतीनं केलेली सांदणं, तांदळाची, नारळाच्या दुधाबरोबर. अजान झाली. तिनं पहिला खजूर माझ्या हातात दिला, नवऱ्याच्याही आधी.

"तुजी शीर आज सापडली कशी म्हनं त्यांना?" तिच्या नवऱ्यानं हसत विचारलं.

ती लाजली. "काय नाय. सहेरीला मी पाच-सहा गिलास पानी प्याले. पोट फुटायचा बाकी व्हता. बसमदी हात चादरीत गुंडालून बसले, गरम रावाया. वैनींना माजा हात कदीच नाय सापडत, म्हनून." मग माझ्याकडे वळून ती म्हणाली, "तुमी माज्यासाठी रोजा धरलाव, न् मी एवढा पन नाय करायचा?"

बसमध्ये ती शालीसारखं काहीतरी पांघरून बसली होती, हे मला तेव्हा आठवलं. मी तिच्या शेजारीच होते, बाही वर करून.

माझा नवरा म्हणाला, "बघ, अशी शेजारीण मिळायला नशीब लागतंय." मुलगी आंटीच्या मांडीवर डोकं ठेवून खजूर खात होती. सांगायचं ते माझ्या ओठांपर्यंत आलं. नुसतं सांगून टाकलं असतं तरी दुसऱ्या दिवशी मॅडमना फोन करता आला असता, परीक्षा पुन्हा झाली असती. तिचा इतका हेवा मला आधी कधीच वाटला नव्हता, सुईचा नाही, अरबीचा नाही. तिला आज रात्री झोप लागणार होती, त्याचा.

सगळे माझ्याकडे बघत होते.

"सांदणं छान झालीत," मी म्हणाले.

तिनं माझ्या ताटात आणखी दोन वाढली, आणि मी ती खाल्ली.