खंडेनवमीचं पिस्तूल

तमाम नातेवाईक, शेजारी आणि ओमानच्या समुद्रात ये-जा करणाऱ्या सर्वांना अत्यंत गांभीर्याने जाहीर करण्यात येतं, की आमच्या बोटीवर आता कुठलंही शस्त्र नाही. जे होतं त्याला मी हळदकुंकू वाहिलं, आणि तिथेच घोटाळा झाला.

मस्कतमध्ये अर्धं आयुष्य काढल्यावर नवऱ्याने एक जुनी बोट घेतली. चार माणसं आणि एक जेवणाचा डबा मावेल एवढी. देश सोडून निघालेल्या गोऱ्या मालकाने तिच्यासोबत लाइफजॅकेटं, एक तवा आणि एक केशरी पिस्तूल दिलं. बोट अडचणीत सापडली तर आकाशात लाल उजेड सोडायचं पिस्तूल. आता बोट पाण्यात घालायची, तर आधी तपासणी आणि मग कागदावर सही. दोन महिने माझा नवरा त्या एका सहीसाठी जगत होता.

हा माणूस विमानतळावरच्या फॉर्मवर थालीपिठाची भाजणीसुद्धा लिहितो. त्याने नियम वाचायला घेतले. एके ठिकाणी लिहिलेलं, हे जीव वाचवायचं साधन. दुसरीकडे, नळी आहे, घोडा आहे, म्हणजे बंदूकच, परवाना दाखवा. शेवटी त्याने आमचं इंजिन दुरुस्त करणाऱ्या रत्नागिरीच्या चाचांना विचारलं.

"बंदूक कसली, फटाकडी हाय ती," चाचा म्हणाले. "पन सायबाकडं तोंड करून धरू नका म्हंजे झाला."

नवऱ्याने ठरवलं, लपवायचं नाही, अधिकाऱ्यालाच दाखवून विचारायचं. पिस्तूल आणि काडतुसांची पेटी पुसायला घरी आणली आणि दोन दिवसांच्या कामासाठी तो सोहारला गेला. नेमकी खंडेनवमी आली.

दरवर्षी शस्त्र म्हणून पाटावर लॅपटॉप आणि मिक्सर मांडताना मला जरा ओशाळल्यासारखं व्हायचं. यंदा घरात चक्क पिस्तूल. काडतुसं पेटीतच राहू दिली, एवढी अक्कल आहे मला. बाकी थाटात केलं. मुठीला लाल दोरा, टोकाला कुंकू, नळीत झेंडू. पूजेची वस्तू लगेच पुसायची नसते, म्हणून तशीच पेटीत ठेवली.

दसऱ्याला नवरा सोहारहून आला तो पेटी आणि मला घेऊन थेट धक्क्यावर. वाटेत सांगायचं मी विसरले नव्हते. धजले नव्हते.

लाइफजॅकेटं पास झाली, आग विझवायचा सिलिंडर पास झाला. मग अधिकाऱ्याने पिस्तूल उचललं. चार अक्षता घरंगळत फॉर्मवर आल्या.

"ये क्या है?" त्याची हिंदी आमच्यापेक्षा स्वच्छ होती.

"सर, पिस्तूल है," नवरा म्हणाला. "मतलब, नहीं है." मग माझ्याकडे वळून हळूच, "अगं, हे काय केलंस?"

मी पुढे झाले. "सर, हमारे यहाँ साल में एक दिन हथियार की पूजा होती है."

दोन महिने नवऱ्याने जो शब्द तोंडातून काढला नव्हता, तो मी काढला. त्याने डोळे मिटले. अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं.

"हथियार?"

"कल मिक्सर की भी की," मी म्हटलं.

त्याने नळीतलं फूल हळूच काढून टेबलाच्या कडेला ठेवलं. मग शांतपणे समजावलं की वेगळ्या परवानगीशिवाय हे बोटीवर नेता येणार नाही, ते इथेच जमा करा. अशा लहान बोटीला हातात धरून पेटवायचे फ्लेअर पुरतात, ते आणा, मी सही करतो. नवरा शेजारच्या दुकानात अक्षरशः धावत गेला आणि फ्लेअर घेऊन धावत आला.

अधिकाऱ्याने कागद पुढे ओढला. पेन सहीच्या जागेवर टेकलं आणि पुन्हा वर गेलं. एक रकाना भरायचा राहिला होता.

"और कोई हथियार? बोट में, घर में?"

नुसतं नाही म्हणायचं होतं. मी टेबलाखाली नवऱ्याच्या पायावर पाय दाबला. त्याची नजर पेनवर होती, आणि त्याच्या तोंडून निघालं,

"सर, घर में विळी है. लेकिन वो वाइफ के नाम पे है."