हबीब मास्टरांचा डावा हात

हबीब मास्टर ऑर्गन वाजवताना कधी पट्ट्यांकडे बघत नसत. ते गाणाऱ्याच्या गळ्याकडे बघत. नवखी गायिका असली की तिची पंचाईत व्हायची. जाड भिंगांचा एक टकला माणूस आपल्या गळ्याकडे टक लावून बसलाय म्हटल्यावर कोणाला सूर सुचणार? मग मास्टर तिला समजावत, "घाबराचं नाई बाई. गळा हालला का मले समजते, आता सास घेता का तान घेता. आपण फक्त गळा पाहाचा. हात आपोआप येते."

'हात आपोआप येते' हे त्यांचं पालुपद होतं. चहात साखर कमी पडली तरी ते कुठून तरी फिरून याच वाक्यावर येत. पुढे या वाक्याची मला धास्ती वाटू लागली.

आमच्या झाडीपट्टीत, विदर्भाच्या पूर्व टोकाला, धान घरात आलं की नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि होळीच्या आसपास संपतो. गावोगाव मंडप पडतात, माणसं ट्रॅक्टर भरभरून येतात आणि उजाडेपर्यंत जागची हलत नाहीत. पोस्टरवर नटनट्यांच्या खाली ऑर्गन वाजवणाऱ्याचं नाव ठळक छापतात, कारण तेवढं नाव बघून येणारेही असतात. मूल गावच्या हबीब मास्टरांचं नाव मी शाळेत असल्यापासून पोस्टरवर वाचत आलो होतो. घरची शिलाईची दुकानदारी थोरल्या भावावर सोपवून या माणसाने उभा जन्म सुरांत घातला. "पोस्टरवर नाव आहे तवरक मी मास्टर," ते म्हणत. "नाव गेलं का नुसता हबीब टेलर. अन् मले तर काज-बटनबी येत नाई."

मी तेव्हा मूलला कॉम्प्युटरचे क्लास घेत होतो. घरात कॉम्प्युटर असणं ही गावात अजून नवलाईची गोष्ट होती. एका दुपारी मास्टर क्लासमध्ये येऊन उभे राहिले. "भाऊ, नागपूरवरून काम्पुटर आणला. संगीताची सीडीबी आणली. पण तो काही बोलूनच नाई राह्यला." आपण वाजवलेलं गाणं पडद्यावर लिहून घेणारं आणि पुन्हा वाजवून दाखवणारं ते सॉफ्टवेअर होतं. मास्टरांच्या गायिका वडशापासून अहेरीपर्यंत विखुरलेल्या, आणि तालमीला मिळायचे मोजके दिवस. प्रत्येकीला सरावाची कॅसेट घरी बसून तयार करून द्यायची, असा त्यांचा बेत होता.

त्यांच्या घराकडे चालताना एक गोष्ट माझ्या डोळ्यांत भरली. मास्टरांचा उजवा हात चालीबरोबर मागेपुढे होत होता आणि डावा अंगाला चिकटून नुसता लोंबत होता. पिशवी वगैरे असेल म्हणून मी पाहिलं. हात रिकामा होता.

त्या कॉम्प्युटरने माझा अंत पाहिला. सीडी कोणाच्या तरी सीडीवरून उतरवलेली, ती अर्ध्यावर येऊन अडायची. साउंड कार्डचा ड्रायव्हरच नव्हता. तो मिळाला तर मास्टरांच्या कीबोर्डची, म्हणजे त्या विजेवरच्या ऑर्गनची, वायर कुठे लावायची कळेना. शेवटी जॉयस्टिकच्या खाचेत ती बसली. पहिल्यांदा सूर उमटला तेव्हा मास्टरांनी मला मिठीच मारली. पण प्रत्येक सूर दुहेरी ऐकू येत होता, एकामागून एक. स्वयंपाकघरातून मास्टरांच्या बायकोने, शमीमभाभींनी विचारलं, "अजी, ये दूसरा कौन बजा रहा है?" मास्टर हसले. कीबोर्ड आणि कॉम्प्युटर दोघेही तोच सूर वाजवत होते, एवढंच ते होतं. मी कीबोर्डमधली एक सेटिंग बदलली आणि दुसरा वाजवणारा गेला. भाभींचा प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून गेला नाही.

मग खरा बिघाड सुरू झाला. पडद्यावर मात्रांच्या उभ्या रेघा असत आणि वाजवलेला प्रत्येक सूर आडव्या पट्टीसारखा दिसे. वरच्या सुरांच्या पट्ट्या बरोबर रेघेवर सुरू होत. खालच्या, म्हणजे डाव्या हाताच्या पट्ट्या रेघेच्या किंचित पुढे. प्रत्येक पट्टी उशिरा. कानाला ते जेमतेम कळायचं, पण डोळ्यांना लपत नव्हतं. "मशीन बदमाशी करून राह्यली," मास्टर म्हणाले. मी ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला. वायर बदलली. सगळा कॉम्प्युटर पुसून विंडोजपासून नव्याने सुरुवात केली. तरी खालचे सूर उशिरा ते उशिराच. शेवटी मी म्हणालो, "मास्टर, मशीन उशीर करत असती तर वरच्या सुरांनाही झाला असता. कीबोर्डच्या खालच्या पट्ट्या गेल्या असतील."

मास्टरांनी दोन्ही हात समोर धरले आणि एकमेकांवरून पलीकडे नेले. डावा हात वरच्या पट्ट्यांवर, उजवा खालच्या. तीच चाल त्यांनी तशी उलट्या हातांनी वाजवली. आम्ही दोघांनी पडद्याकडे पाहिलं. आता खालचे सूर रेघेवर होते आणि वरचे उशिरा.

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मास्टरांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, फक्त उजव्या हाताने.

"काम्पुटर बरोबर आहे भाऊ," ते म्हणाले. "बिघाड इकडं आहे."

नागपूरच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला. हात अजून थरथरत नव्हता, पण थरथरेल, म्हणाले. गोळ्यांनी थोडं बरं राहील, पुढचं सांगता येत नाही. मास्टरांनी ते घरी भाभींना सांगितलं आणि बाहेर मला. नाटककंपनीच्या मालकांना सांगायचं नाही, अशी शपथ घातली. पोस्टरं छापायला गेली होती.

त्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय होती. एक बटण दाबलं की मागेपुढे झालेले सगळे सूर ओढून नेमके रेघेवर बसत. मी ते दाखवलं तेव्हा मास्टर पडद्याकडे वाकले. "एका बटनात बिमारी गेली?" ते हळूच म्हणाले. मग त्यांनी ठरवलं. नाटकातल्या सगळ्या गाण्यांचा डावा हात, म्हणजे खालचे सूर, घरी वाजवायचा, रेघेवर बसवायचा आणि फ्लॉपीवर घ्यायचा. त्यांच्या कीबोर्डला फ्लॉपीची खाच होती. मंडपात डावा हात फ्लॉपी वाजवणार, उजवा मास्टर स्वतः, आणि खरा डावा हात लोकांना दाखवण्यापुरता पट्ट्यांवर ठेवायचा. आम्ही दिवाळीपर्यंत तेच करत होतो. काम चोख झालं. मला मात्र त्यात प्रेताला नवे कपडे घातल्यासारखं वाटत होतं.

हंगामाची सुरुवात झाली. पहिल्या प्रयोगानंतर लोक म्हणाले, "मास्टर, औंदा हात लय साफ आहे." हे ऐकून त्यांचा चेहरा इतका उतरला की प्रयोगाला आलेल्या भाभींनी त्यांना पाणी दिलं.

सिंदेवाहीकडच्या एका गावात प्रयोग होता, तिथे मी मुद्दाम गेलो. पहिल्याच गाण्याला मास्टर सुनंदाबाईंच्या गळ्याकडे बघत नव्हते. सुनंदाबाई त्यांच्याबरोबर कैक वर्षं गाणारी बाई. तिच्या गळ्यावरची शीरनशीर त्यांना पाठ. आणि हा माणूस मान खाली घालून कीबोर्डच्या इवल्याशा खिडकीतले मात्रांचे आकडे वाचत होता. फ्लॉपीच्या पुढेमागे होऊ नये म्हणून.

आमच्या प्रेक्षकांना गाणं संपेपर्यंत दम नसतो. एखादी ओळ आवडली की तिथेच 'वन्समोर'ची आरोळी पडते आणि गाणाऱ्याने त्याच पावली मुखड्यावर परतायचं असतं. परतला नाही तर तो त्यांना अपमान वाटतो. मास्टरांचा सगळा जन्म या वन्समोरवर पोसलेला, आणि फ्लॉपी भरताना नेमकी त्याचीच आठवण आम्हा दोघांना राहिली नव्हती. याआधीच्या प्रयोगांत आरोळी गाण्याच्या शेवटी आली म्हणून निभावलं होतं. त्या दिवशी ती पहिल्या अंतऱ्यावर आली. सुनंदाबाई हसून मुखड्यावर वळल्या. मास्टरांचा उजवा हातही वळला. फ्लॉपीतला डावा हात मात्र सरळ पुढच्या अंतऱ्यात निघून गेला.

सूर एकमेकांवर आदळले. सुनंदाबाई थांबल्या आणि मास्टरांकडे पाहू लागल्या. बंद करायचं बटण डावीकडे होतं. मास्टरांचा डावा हात पट्ट्यांवरून उठला आणि बटणाकडे निघाला. सगळा मंडप बघत होता. तो हात वाटेतच रेंगाळला आणि तेवढ्या वेळात फ्लॉपी आपली एकटीच वाजत राहिली, एकदम साफ, रेघेवर. कोणी तरी हसलं. मग मास्टरांनी उजव्या हाताने फ्लॉपी उपसून काढली आणि उरलेलं सबंध नाटक एका हाताने वाजवलं.

त्यांनी मालकांना स्वतःहून सगळं सांगितलं. मालक भले, हंगाम पुरा करा म्हणाले. पुढच्या वर्षीच्या पोस्टरवर दुसरं नाव होतं. ते पोस्टर मास्टरांच्या घरासमोरच्याच खांबावर लागलं होतं. सुनंदाबाई भेटायला आल्या तेव्हा मी तिथे होतो. आल्या आल्या त्या भांडल्याच. "मास्टर, मले काऊन नाई सांगतलं? मशीन लावाची काय गरज होती? मी थांबली असती न." मी कितीतरी ड्रायव्हर आणि सेटिंगा तपासल्या, पण उशिरा येणाऱ्या हातासाठी गाणाऱ्याने थांबावं, हे मला सुचलं नव्हतं.

आजाराने पुढे त्यांना सोडलं नाही. आधी डावा हात थरथरू लागला, मग उजवा, मग बोलणं पुसट झालं. एका पावसाळ्यात ते गेले. त्याच्या थोडं आधी मी भेटायला गेलो होतो. कॉम्प्युटरवर भाभींनी शिवलेलं झाकण होतं. मी ते काढू लागलो तर मास्टरांनी मानेने नको म्हटलं आणि माझ्याकडे बोट केलं. भाभी म्हणाल्या, "गाने को बोल रहे हैं।"

मला गाता येत नाही. तरी सुनंदाबाईंच्या त्याच गाण्याचा मुखडा मी कसाबसा सुरू केला. मास्टरांची नजर माझ्या गळ्यावर येऊन बसली आणि चादरीवर त्यांचा डावा हात हलू लागला, बोटं पट्ट्या शोधू लागली. मी समेवर पोचलो तेव्हा हात अजून वाटेतच होता. मी पुढची ओळ घेणार, तेवढ्यात मास्टरांचे ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"थांबा न भाऊ जराशी," ते म्हणाले. "येऊन राह्यलो."

मी थांबलो.