साडूभाऊंचा पिवळा टॅग

या जगात आजवर एकही वस्तू बरोबर मापात बनलेली नाही, असं छातीठोकपणे सांगणारे एकच गृहस्थ मी पाहिले आहेत, आणि माझं नशीब असं की ते माझे सख्खे साडू आहेत. महाळुंग्याच्या एका कंपनीत ते वीसेक वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर आहेत. इतर लोक घरी आल्यावर चपलांबरोबर नोकरीही दाराशी काढून ठेवतात. आमचे साडूभाऊ ती खिशात घालून आणतात. वरच्या खिशात केसाची जाडीही मोजणारा व्हर्नियर, आणि पँटच्या खिशात चिकटवायच्या टॅगांच्या तीन गड्ड्या: पास मालाला हिरवा, सुधारून पुन्हा दाखवायच्या मालाला पिवळा आणि बाद मालाला लाल. यांच्या खिशातून लाल सोडून दुसरा रंग बाहेर आलेला निदान मी तरी पाहिला नव्हता. स्वतःच्या लग्नात अंतरपाट एका बाजूनं दोन इंच खाली धरलाय म्हणून यांनी भटजींना मंगलाष्टकं थांबवायला लावली होती. आमच्या चिंचवडच्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला सगळे प्रसाद घेत होते, तर हे दाराच्या चौकटीशी उकिडवे बसलेले. मी शाळेत शिकवतो म्हणून मला मास्तर म्हणतात. "मास्तर, चौकट साडेतीन मिलिमीटर आउट आहे," म्हणाले, आणि त्याच दमात, "अभिनंदन!" एकदा माझ्या बायकोची पुरणपोळी यांनी कडेला आणि मध्ये अशी दोन ठिकाणी मोजली आणि जाडीतला फरक सांगितला. पोळ्या मात्र पाच खाल्ल्या. बायको म्हणाली, "ताईनं या माणसाबरोबर दिवस कसे काढले असतील!" मी म्हटलं, मोजून.

पण या लाल टॅगापायी साडूभाऊंनी एकदा भलतंच ओढवून घेतलं. आमचे दोघांचे सासरे निघोज्याचे. आम्ही त्यांना मामा म्हणतो. मामांची एक जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल होती. निघोजे ते देहूरोड, सगळी नोकरी त्यांनी त्या गाडीवर केली. दोन्ही पोरींना कॉलेजला त्याच गाडीवरून सोडलं. गाडीला काय दुखतंय ते मामा आवाजावरून सांगायचे, डॉक्टर नाडीवरून सांगतात तसं. पुढं वय झालं आणि एका सकाळी घराच्या वळणावरच मामा गाडीवरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. मामा दवाखान्यात असताना साडूभाऊंनी गाडीची तपासणी केली, बत्तीस दोष लिहून काढले, किल्ली काढून घेतली आणि पेट्रोलच्या टाकीवर भला मोठा लाल टॅग चिकटवून दिला. माणूस चुकीचं वागला असं मी म्हणणार नाही. पुन्हा पडले असते तर काय, ही भीती आम्हा सगळ्यांनाच होती. पण ती भीती टाकीवर चिकटवायची नसते, हे त्यांना कळलं नाही. मामा काठी टेकत घरी आले, टॅग वाचला, आणि त्या दिवसापासून थोरल्या जावयाशी बोलणं बंद.

तीन वर्षं! आणि अबोलाही कसा, तर शेजारी बसून. सणावाराला आम्ही निघोज्याला जमायचो, तेव्हा मामा ओसरीवर, त्यांच्या एका बाजूला साडूभाऊ आणि मधे मी, टेलिफोनच्या तारेसारखा. "मास्तर, तुमच्या साडूला इचारा, चा घेत्यात का." मी दीड फुटावर मान वळवून विचारायचो. साडूभाऊ म्हणायचे, "मामांना सांगा, घेतो, साखर कमी." मी पुन्हा मान वळवायचो. एका दिवाळीला माझी मान इतकी दुखली की पाडव्याला शेक घ्यावा लागला. साडूभाऊ वरून हसायचे, पण परतताना गाडीत एक शब्द बोलायचे नाहीत. ज्यांचे वडील लहानपणीच गेले त्यांना सासऱ्याचा अबोला किती लागतो, ते त्यांच्या तोंडाकडे पाहून मला कळायचं आणि वाईटही वाटायचं.

मग एक दसरा आला. आमच्या पट्ट्यात दसऱ्याला मशिनपासून सायकलीपर्यंत चाक असलेल्या प्रत्येक वस्तूच्या गळ्यात झेंडू पडतो. आम्ही सोनं द्यायला निघोज्याला गेलो, तर गोठ्याच्या कोपऱ्यात ती मोटारसायकल धुऊनपुसून उभी होती. हळदकुंकू वाहिलेलं. टाकीवरचा लाल टॅग मामांनी काढला नव्हता; त्याच्यावरूनच झेंडूचा हार घातला होता. साडूभाऊ बराच वेळ तिथं उभे राहिले. व्हर्नियर खिशातच राहिला. परतताना मोशीजवळ एकदम म्हणाले, "मास्तर, ती गाडी चालू करायची. मामा चालवणार नाहीत, पण मागं तरी बसतील. माझ्या मागं." मामांना विचारायचं कसं, हा प्रश्न होता. ते काम अर्थातच तारेकडे, म्हणजे माझ्याकडे आलं. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "न्या म्हणावं. बाद माल हाय, आमाला काय त्याचं?"

गाडी टेम्पोतून साडूभाऊंच्या पार्किंगमध्ये आली आणि रविवार नावाचा वार आमच्या घरातून नाहीसा झाला. इंजिन उघडलं. आत पिस्टन झिजलेला, रिंगा तुटलेल्या, क्रँकचं बेअरिंग खडखडत होतं. असली गाडी आता बनत नाही, तेव्हा पार्ट मिळायची बोंब. मोबाइलवर कुणा शौकिनाकडे पूर्ण सेट होता. किंमत वाचून साडूभाऊंनी मोबाइल उलटा ठेवला. फ्लॅटचे हप्ते भरणाऱ्या माणसानं शौकिनांच्या वाटेला जाऊ नये. "आपण शोधू," म्हणाले, आणि खरंच शोधलं. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो. तोच नंबर पाण्याच्या पंपातल्या बेअरिंगचा निघाला आणि भोसरीच्या एका दुकानात ते स्वस्तात मिळालं. ऑइल सील तसंच. गॅस्केट त्यांनी शीट आणून स्वतः कात्रीनं कापली. सातवी पसंत पडली. पिस्टनसाठी मात्र आम्ही पिंपरीच्या बाजारामागच्या एका चाचांचं दुकान गाठलं. छोटं दुकान, पण छतापर्यंत जुन्या गाड्यांचे पार्ट. चाचा एकेक पिस्टन काढून द्यायचे, साडूभाऊ व्हर्नियर लावायचे आणि मान हलवायचे. चौथ्या रविवारी आम्ही लांबून येताना दिसलो तशी चाचांनी शटरला हात घातला. "साहेब, तुमी मोटरसायकल बनवताय का घड्याळ?" साडूभाऊंनी तोवर नऊ पिस्टन बाद केले होते. शेवटी चाचा शिडीवर चढले आणि वरच्या फळीवरून धुळीनं माखलेला एक बंद डबा काढला. "माझ्या अब्बांच्या टायमाचा आहे. याच्यापुढं माझ्याकडं काही नाही." साडूभाऊंनी मोजला, पुन्हा मोजला, आणि पहिल्यांदाच मान हलवली नाही. चाचांनी तो अगदी मातीमोल भावात दिला. अट एकच घातली: परत येऊ नका.

आता त्या पिस्टनच्या मापानं सिलेंडर आतून बोअर करून, म्हणजे कोरून घ्यायचा. लेथवाला म्हणाला, "साहेब, जरा गॅप ठेवतो, टू-स्ट्रोक आहे." साडूभाऊ खवळले. "गॅप? आमच्या कंपनीत गॅप दिसला तर अख्खा लॉट परत पाठवतो आम्ही!" त्यांनी स्वतः उभं राहून पिस्टन सिलेंडरमध्ये असा घट्ट बसवून घेतला की आतून हवाही जाणार नाही. मग दोन्ही वस्तू कंपनीतल्या एसीच्या खोलीत नेऊन मोजल्या. माप असं सुंदर आलं की मला फोन करून वाचून दाखवलं.

गाडी तिसऱ्या किकला चालू झाली. धूर, आवाज, आणि साडूभाऊंच्या डोळ्यांत पाणी. धुरानं, म्हणाले. मला मागं बसवून निघाले थेट निघोज्याकडं. महाळुंग्याच्या पुढं गेलो असू, एवढ्यात मागचं चाक करकचून जाम झालं. साडूभाऊंनी क्लच दाबला म्हणून वाचलो, नाहीतर या लेखाला लेखक उरला नसता. सकाळची शिफ्ट सुटलेली, कंपनीच्या बसा शेजारून जाताहेत, खिडकीतून पोरं ओरडताहेत, "साहेब, रिजेक्ट आहे का?" आणि मी, इयत्ता आठवीचा वर्गशिक्षक, गाडी ढकलतोय. झाडाखाली थांबलो. अर्ध्या तासानं किक मारली तर गाडी चालू! दोन किलोमीटरवर पुन्हा जाम. पुढच्या रविवारी पुन्हा उघडली, मोजली. माप बरोबर. पुन्हा जाम. तिसऱ्या खेपेला साडूभाऊ रस्त्याकडेच्या दगडावर बसले आणि म्हणाले, "मास्तर, माप बरोबर आहे आणि गाडी चूक आहे, असं कसं होईल?" इतका हरलेला आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. मी म्हटलं, "निघोजे इथून दीड किलोमीटर आहे. ढकलूया."

मामा ओसरीवर बसले होते. आम्ही दोघं घामानं थबथबलेले, मधे गाडी. मामांनी गाडीकडं पाहिलं, काठीनं इंजिन ठोकून पाहिलं, आणि कुणाकडे न बघता विचारलं, "तापल्यावरच धरती का?" साडूभाऊ सवयीनं माझ्याकडं वळले. "मास्तर, मामांना सांगा, हो."

"मास्तराला कशाला मधी घेता?" मामा म्हणाले. "मी हितंच बसलोय न्हवं?"

माझी मान जिथल्या तिथं राहिली.  मामा पुढं बोलले, "पाव्हणं, पिस्टन तापला की फुगतो. त्याला अंग हलवाया जागा नगं व्हय? तुमी त्याला पार आवळून टाकलाय. थंड खोलीत मोजलं आसंल."

"व्हय मामा," साडूभाऊ म्हणाले. ते हाडाचे पुणेरी बोलीचे. 'व्हय' त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. मग खाली बघत म्हणाले, "मामा, तुम्हालाही मी असंच आवळलं. चुकलं माझं."  मामांनी आत हाक मारली, "चा टाका गं. थोरल्या पाव्हण्यांना साखर कमी."

लेथवाल्यानं हसत हसत जागा मोकळी करून दिली. पुढच्या रविवारी साडूभाऊंनी मामांना मागं बसवून गावाला एक फेरी मारली. मामांच्या एका हातात काठी, दुसरा साडूभाऊंच्या खांद्यावर. गावचा पार ओलांडताना मामांनी कुणाकुणाला काठी उंचावून दाखवली म्हणे. परत आल्यावर उतरले आणि म्हणाले, "तुमच्याकडं ते टॅग आसत्यात न्हवं? काढा." साडूभाऊंचा चेहरा पडला. त्यांनी तिन्ही गड्ड्या पुढं केल्या. मामांनी लाल बाजूला ठेवली, हिरवीकडं जरा पाहिलं, आणि पिवळा टॅग काढून टाकीवर चिकटवला, जिथं दुरुस्तीत निघालेल्या लाल टॅगचा डाग अजून होता तिथंच. "चेन आवाज करती. पुढच्या आयतवारी परत दाखवा." मुलीचा दहावीचा निकाल ऐकूनही साडूभाऊ इतके खूश झाले नव्हते.

तेव्हापासून दर रविवारी गाडी निघोज्याला जाते. मामा एक दोष काढतात, पिवळा टॅग लावतात, मग फेरी होते, मग जेवण. मामांचं वय आता ऐंशीच्या पुढं गेलंय. दोघं इतकं बोलतात की मला मधे जागाच मिळत नाही, आणि खरं सांगतो, जुन्या कामाची थोडी आठवणही येते. परवा शनिवारी संध्याकाळी मी सहज साडूभाऊंकडं गेलो, तर हे पार्किंगमध्ये पाना घेऊन गाडीच्या आरशाचा नट फिरवताहेत. नीट पाहिलं तर आवळत नव्हते, सैल करत होते. आयुष्यभर केसाएवढा दोष खपवून न घेतलेला माणूस! मी तोंड उघडणार तोच म्हणाले, "गप बसा, मास्तर. गाडी एकदा पास झाली की मामा तपासायला कशाला थांबतील?"

रविवारी मामांनी आरसा हलवून पाहिला, जावयाकडं पाहिलं, आणि पिवळा टॅग चिकटवला. आता पिवळ्या टॅगांची अख्खी गड्डी मामांच्या उशाशी असते, साडूभाऊंनीच नेऊन दिलेली. हिरवी मामांनी मागितली नाही, आणि साडूभाऊंनी दिली नाही.