तिथे तुमचं कुणी आहे का?

स्लोव्हेनिया नावाच्या देशात पाहण्यासारख्या दहा जागा मला आजही तोंडपाठ आहेत. ब्लेडचं तळं, तळ्याच्या मधोमध बेट, बेटावर चर्च आणि चर्चला चढायला नव्याण्णव दगडी पायऱ्या. वरच्या कड्यावरचा किल्ला. पोस्तोयनाची गुहा, जिच्यात छोट्या रेल्वेत बसवून आत नेतात. गुहेच्या तोंडातच बांधलेला दुसरा एक किल्ला. राजधानी ल्युब्ल्यानातला ड्रॅगनचा पूल. समुद्राकाठचं पिरान. झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. त्या वेळी यातली एकही जागा मला पाहायची नव्हती. ल्युब्ल्यानातल्या एका हॉस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावरची खोली पाहायची होती, कारण तिथे माझी मुलगी पांघरूण घेऊन पडून होती.

मुलगी वाढली इथेच, कुवेतमध्ये, अब्बासियातल्या आमच्या दोन खोल्यांत. शाळा इथली, डिग्री पुण्याची आणि मग मास्टर्सला हा देश तिने स्वतः शोधून काढला. नकाशावर मला तो चष्मा लावूनही सापडेना. पहिले सहा महिने फोटोंचा पाऊस होता. नंतर फोटो थांबले, मग व्हिडिओ थांबला, नुसता आवाज राहिला. ‘आय ॲम फाइन, आई. जस्ट टायर्ड.’ अभ्यास फार असेल, असं मी स्वतःला समजावत राहिले. मग एका दुपारी तिच्या खोलीतल्या दुसऱ्या मुलीचा मेसेज आला. तुमची मुलगी तीन आठवडे वर्गात गेलेली नाही, धड जेवत नाही, अंघोळही करत नाही, मी तिला डॉक्टरकडे नेलं होतं, मी कळवल्याचं कृपा करून तिला सांगू नका.

मी तेव्हा कणीक मळत होते. परातीतले हात तसेच राहिले आणि पाय गार पडले. इतकी भीती मला बाळंतपणातही वाटली नव्हती. मनाचं दुखणं म्हणजे काय, त्यात माणसं काय करून बसतात, हे मी वर्तमानपत्रात वाचलं होतं. ते माझ्या घरात येईल असं मात्र वाटलं नव्हतं. हात न धुताच मी नवऱ्याला फोन लावला.

नवरा मीना अब्दुल्ला नावाच्या भागातल्या तेलाच्या रिफायनरीत आहे. त्या वेळी तिथे शटडाऊन चालू होता. म्हणजे अख्खा प्लांट बंद करून दुरुस्ती, आणि ती संपेपर्यंत सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द. तो साहेबाकडे दोनदा जाऊन आला. ‘नाही जमत गं,’ म्हणाला, ‘तूच जा.’ तूच जा म्हणे! मी नाशिकपलीकडे एकटी कधी गेले नव्हते. तेही विमानतळावर भाऊ घ्यायला यायचा.

खालच्या मजल्यावर एक सांगलीकडच्या वहिनी राहतात. इमारतीतल्या कुणालाही कुठल्याही देशाचा व्हिसा हवा असला की सल्ला त्यांचा. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी आधी माझा हात धरला, डोळे पुसले आणि मग दार लावून घेतलं.

‘एक ऐका माझं. तिथं लेक हाय, हे तोंडातनं काढायचं नाही.’

‘अहो, पण लेकीसाठीच तर जातेय मी.’

‘म्हणूनच. एकटी बाई, नोकरी नाही, लेक तिथं. त्यांना वाटतं, ही गेली की परत कुठली यायला. माझ्या जावेला अस्संच नाकारलं. भाऊ हाय म्हणून सांगून बसली. तुम्ही फिरायला निघालाय म्हणायचं. टूरिस्ट. बास.’

आता मी काही गरीब गाय नाही. कोथिंबिरीच्या जुडीसाठी मी दुकानदाराला दुकानाबाहेर आणलेलं आहे. पण कागद समोर आला की माझी बोलती बंद होते. बावीस वर्षं आमचं इथलं राहणं नवऱ्याच्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर आहे. त्याची नोकरी आहे तोवर तो आहे आणि तो आहे तोवर मी. शिक्का मारणारा माणूस समोर बसला की आम्ही विचारलं तेवढंच सांगतो, शक्य असेल तर त्याहून कमी. अब्बासियात हे कुणी शिकवत नाही, अंगातच मुरतं. वहिनींचं बोलणं मला म्हणूनच पटलं. पटलं कसलं, बरं वाटलं. लपवायचं म्हटल्यावर कामाची सुरुवात कुठून करायची ते मला लगेच कळलं.

फरवानियात पैसे पाठवण्याच्या दुकानांच्या रांगेत एक टायपिंगचं दुकान आहे. तिथला केरळचा माणूस भराभर फॉर्म भरत गेला. ‘पर्पस टूरिझम. उधर कोई है, मॅडम?’ मी वहिनींकडे पाहिलं, वहिनींनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. ‘कोई नहीं,’ मी म्हटलं. त्याने रकाना मोकळा सोडला. मग त्याने संगणकातून दहा दिवसांचा छापील कार्यक्रम काढला, सकाळी हे, दुपारी ते, आणि माझ्यासमोर सरकवला. ‘ये सब याद करो. काउंटर पे पूछेगा.’ फॉर्मच्या खाली मी सही केली.

मग आमच्या घरी परीक्षा सुरू झाली. नवरा शटडाऊनवरून आंबून यायचा, अंगाला तेलाचा वास, आणि जेवता जेवता कागद हातात घेऊन मला विचारायचा. चौथ्या दिवशी काय? बोहिन्यचं तळं. नवव्या दिवशी? पिरान, समुद्र, चौकातली घरं. ‘शाळेत एवढी घोकंपट्टी केली असतीस तर बोर्डात आली असतीस,’ तो म्हणाला. एरवी मी हसले असते. त्या दिवशी माझं डोकंच फिरलं. हातातलं फडकं मी त्याच्या ताटाशेजारी आपटलं.

‘पोरगी तिथे उपाशी पडलीय आणि मी गुहेतल्या आंधळ्या प्राण्याची माहिती पाठ करतेय! त्याला डोळे नसतात, तो वर्ष-वर्ष न खाता जगतो. हे मला का माहीत असायला हवं?’

त्याने कागद खाली ठेवला. ‘मला पण भीती वाटतेय,’ तो म्हणाला. ‘वाटलं, मस्करी केली तर तुला जरा बरं वाटेल.’ लग्नाला पंचवीस वर्षं झाली, पण भीती वाटतेय असं त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं, आणि त्यामुळे मला धीर यायच्याऐवजी होता तोही गेला.

मुलीला मी फोनवर सांगितलं की येतेय. ती म्हणाली, ‘रिअली?’ त्या एका शब्दात कितीतरी दिवसांनी थोडा जीव होता. मग तिने विचारलं, ‘शुड आय सेंड समथिंग? इथल्या ऑफिसातून इन्व्हिटेशन लेटर देतात.’ मी घाईघाईने म्हटलं, नको नको, काही करू नकोस, कुणाला सांगू नकोस, तू नुसती पडून राहा. पडून राहा! काय बोलून गेले ते फोन ठेवल्यावर कळलं आणि मी स्वतःच्या तोंडावर हात मारून घेतला.

मुलाखतीच्या दिवशी बाहेर धूळ होती. समोरची इमारत दिसत नव्हती, टॅक्सीवाला दिवे लावून चालवत होता. व्हिसाच्या ऑफिसात गारठा होता आणि माझ्या ब्लाऊजला घाम. माझा नंबर आला. काचेपलीकडे एक तरुण बाई होती, केस घट्ट बांधलेले, आवाज मऊ. तिने फाइल उघडली, सावकाश वाचली.

‘एकट्याच जाताय?’

‘हो. नवऱ्याला सुट्टी नाही.’

‘तिथे तुमचं कुणी आहे का?’

‘नाही.’

‘नातेवाईक? ओळखीचं? विद्यार्थी वगैरे?’

विद्यार्थी म्हटल्यावर मी ओळखायला हवं होतं. ती मला वाट करून देत होती. पण मी इतकी घाबरले होते की मला तिचा प्रश्न नाही, नुसता शिक्का दिसत होता.

‘कुणी नाही,’ मी म्हटलं. ‘माझं तिथे कुणीच नाही.’ आणि तिने न विचारताच मी सुरू केलं. पहिल्या दिवशी ड्रॅगनचा पूल, दुसऱ्या दिवशी ब्लेडचं तळं, बेट, नव्याण्णव पायऱ्या, नवरामुलगा नवरीला उचलून त्या चढतो, चर्चमधली घंटा वाजवली की इच्छा पुरी होते. तिने मला मध्ये थांबवलं नाही. मी पिरानला पोचून गप्प बसले तेव्हा तिने एक कागद काचेला आतून लावून धरला.

‘मग ही कोण?’

कागदावर माझ्या मुलीचं नाव होतं. खाली तिची सही, तिथल्या सरकारी कचेरीचा शिक्का. मी नको म्हणूनही ती पांघरुणातून उठली होती. कपडे बदलून, बसने जाऊन, रांगेत उभी राहून, परक्या भाषेतला फॉर्म तिने भरला होता आणि तो थेट इथे पाठवला होता. भेटीचं कारण या रकान्यात तिने इंग्रजीत दोनच वाक्यं लिहिली होती. माझी तब्येत बरी नाही. मला माझी आई हवी आहे.

मी काउंटरची कड धरली. ‘मुलगी,’ मी म्हटलं, ‘माझी मुलगी आहे ती.’ मग रडत, अर्ध्या हिंदीत, अर्ध्या इंग्रजीत सगळं सांगितलं. त्या बाईने मला पाणी दिलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ‘मी हे लिहून घेते,’ ती म्हणाली, ‘पण फॉर्मवर सही तुमची आहे.’ पासपोर्ट तिने ठेवून घेतला.

बाराव्या दिवशी तो परत आला. आत व्हिसा नव्हता. त्यात घातलेल्या छापील कागदावर एका चौकोनात खूण होती : प्रवासाच्या हेतूविषयी दिलेली माहिती विश्वासार्ह नाही. खरं होतं ते. मला कुणावर चिडायलाही जागा नव्हती. वहिनींवरही नाही, ‘कोई नहीं’ हे माझ्याच तोंडून गेलं होतं.

मुलीला सांगणं भाग होतं. मुलाखतीपासून मी तिला ‘होईल, होईल’ करत टोलवत होते. काही तरी थाप मारावी असं मनात आलं, पण थापेने काय होतं ते पासपोर्टात लिहून आलं होतं. मी सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, ‘तिथे माझं कुणी नाही, असं म्हटलं गं मी. दोनदा म्हटलं.’

पलीकडे काही आवाज नाही. तिचा श्वास ऐकू येतोय का म्हणून मी फोन कानात खुपसला. या क्षणी ती फोन ठेवेल आणि मग काय करेल, हा एकच विचार डोक्यात होता. तिथे खिडकी आहे, तिसरा मजला आहे, हे मला फोटोंवरून माहीत होतं.

‘आई,’ ती म्हणाली, ‘मीसुद्धा.’

‘काय तू सुद्धा?’

‘डॉक्टरने विचारलं. फर्स्ट टाइम गेले तेव्हा. एनी फॅमिली? मी सांगितलं, नोबडी. मला वाटलं ते तुला फोन करतील. तू घाबरशील. पप्पांची नोकरी, व्हिसा... काहीतरी होईल. सो आय सेड नोबडी.’

मग ती रडायला लागली. इतक्या आठवड्यांत ती रडली नव्हती, नुसती थकल्यासारखी बोलायची. मला तिचा चेहरा दिसत नव्हता. मी फोन धरून स्वयंपाकघरात फरशीवर बसले. ही भीती तिला कुणी दिली ते मला माहीत होतं. दूध पाजावं तशी मीच पाजली होती.

दुसरा अर्ज मी स्वतः भरला, घरी, माझ्या अक्षरात. काय झालं ते सगळं लिहिलं. मुलीचं नाव लिहिलं, आजार लिहिला, नवऱ्याने साहेबाचं पत्र जोडलं. व्हिसा मिळाला, पण पाच आठवड्यांनी. ते पाच आठवडे ती तिथे माझ्यावाचून राहिली, माझ्या एका शब्दापायी. रोज सकाळी मी फोन लावायचे आणि ती उचलेपर्यंत रिंग मोजायचे. आठाच्या वर गेली की मला दिसू नये ते दिसायचं. एकदा ती सोळापर्यंत गेली. ती अंघोळ करत होती. त्या अंघोळीचा आनंद व्हायला हवा होता, पण मी तिच्यावर ओरडले आणि मग दोघी रडलो.

ल्युब्ल्यानाला पोचले तेव्हा पाऊस पडत होता. हॉस्टेलची लिफ्ट बंद होती. बॅग ओढत मी जिन्याने तिसऱ्या मजल्यावर आले आणि दारावर टकटक केली. आतून काही आवाज आला नाही. मी पुन्हा केली, मग तळहाताने बडवलं, तिला नावाने हाका मारल्या, शेजारचं दार उघडून कुणी डोकावलं. मग आत पाय ओढत चालल्यासारखा आवाज आला, कडी निघाली आणि दार तिनेच उघडलं.