फळीवरच्या किल्ल्या आणि डावीकडचा नळ

सकाळचे नऊ वाजून चाळीस मिनिटं झाली होती आणि कानसताईंचं काम सुरू होतं. व्हाइसच्या लोखंडी जबड्यात पितळेची कोरी किल्ली आवळलेली, तिच्या अंगाला नमुन्याची किल्ली बांधलेली, आणि कानस मागेपुढे, मागेपुढे. काउंटरपलीकडे एक गृहस्थ ताटकळत उभे होते.

"कपाट कुणाचं?" ताईंनी मान वर न करता विचारलं.

"माझंच."

"मग नमुना बायकोच्या जुडग्यातला कसा?"

गृहस्थांनी हातातल्या जुडग्याकडे पाहिलं. त्याला गुलाबी गोंडा होता. "म्हणजे, कपाट तिचंच आहे. पण आत माझे शर्ट असतात."

"शर्ट तिच्याकडून मागून घ्या." कानस थांबली. "नाहीतर तिला फोन लावा. मी बोलते."

फोन लागला. बायको हसत सुटली, म्हणाली, "द्या हो करून, माझ्या मागची कटकट जाईल." मग कानस पुन्हा चालू झाली. गृहस्थ कान लाल करून किल्ली घेऊन गेले.

ताईंचं खरं नाव रस्त्यावर कुणी घेत नाही. कानसताई हे नाव पडलं ते हातातल्या हत्यारामुळे, पण टिकलं ते जिभेमुळे. समोरच्याचं बोलणं त्या तासून बघतात. साबणावर उठवलेला ठसा घेऊन आलेल्या माणसाला त्यांनी हाकलून दिलंय, आणि "घाई आहे" म्हणणाऱ्याला तर मुद्दाम थांबवून ठेवतात. त्यांचे वडीलही असेच होते. किल्लीवाल्यानं आधी संशय घ्यावा आणि मग कानस घ्यावी, असं ते म्हणत.

दुकान म्हणजे काचेच्या उंच इमारतीच्या कुंपणभिंतीतला एक कोनाडा आहे. दोन माणसं आत शिरली तर तिसऱ्यानं बाहेर उभं राहून बोलावं. आज जिथे गाड्या वळून तळघरात उतरतात तिथे पूर्वी गल्ली होती. गल्ली पाडली तेव्हा ताई सात वर्षांच्या होत्या. तिथलं आज इथे काहीही उरलेलं नाही. उरली ती कोनाड्याच्या मागच्या भिंतीवरची एक फळी.

फळीवर खिळ्यांच्या ओळी आहेत आणि बहुतेक खिळ्यांवर एकेक किल्ली आहे. गल्लीची रीतच होती तशी. घरात माणसं जास्त आणि किल्ली एकच, म्हणून जादाची किल्ली किल्लीवाल्याकडे टांगलेली असायची. खिळ्याखाली नाव नाही, नंबर नाही. आपला खिळा आपण लक्षात ठेवायचा, यायचं, बोट ठेवायचं आणि किल्ली न्यायची. वडील कुणाचा खिळा कुणाला सांगत नसत. चोर आला तरी त्याला कळू नये की कुठली किल्ली कुठल्या दाराची, हा त्यामागचा हिशोब. गल्ली उठली तेव्हा लोक हातात येईल ते घेऊन पांगले. दारंच राहिली नाहीत, मग किल्ल्या कोण नेणार? वडिलांनी दुकानाच्या सामानाबरोबर फळीही उतरवून आणली. "ज्याची त्याच्याच हातात द्यायची," एवढंच ते मरताना बोलले.

ताईंना ती गल्ली लख्ख आठवते. लोखंडी शिडीवरून पडून त्यांचा पाय मोडला होता. शेवटचं वर्षभर पाय कधी प्लास्टरमध्ये, कधी लाकडी फळ्यांत. आई कामावर जायची, म्हणून वडील त्यांना कडेवर घेऊन गल्लीतल्या दुकानात आणत आणि आपल्या शेजारी बाकड्यावर बसवत. व्हाइस मागच्या भिंतीला होता, त्यामुळे काम करताना वडिलांची पाठ रस्त्याकडे. पाठीमागे उभ्या गिऱ्हाइकाचे हात दिसावेत म्हणून त्यांनी समोरच्या भिंतीवर हातभर उंचीचा आरसा टांगला होता. कानशीचा किस मांडीवर उडायचा, तोंडात पितळेची चव यायची, आणि ताई दिवसभर गल्ली बघत बसायच्या. बरोबर समोर शिंपी. डावखुरा होता, डाव्या हातानं सपासप कात्री चालवायचा. डावीकडे गल्लीच्या टोकाला नळ, तिथे बादल्यांची रांग आणि रांगेत भांडणं. उजव्या टोकाला कोळशाची वखार. तिथून निघालेला माणूस दुकानासमोर येईपर्यंत काळाच असायचा. हे चित्र त्यांनी जन्मभर जपलं होतं, आणि त्याच्यावरच माणसं पारखली होती.

कारण वर्षभरापासून फळीला भाव आला होता. इमारतीचे सेक्रेटरी एके दिवशी कोनाड्यापाशी उभे राहून बराच वेळ फळीकडे बघत होते.

"ताई, आपण लॉबीत आठवणींचा कोपरा करतोय. जुना भाग कसा होता ते लोकांना कळायला हवं. ही फळी तिथे काय शोभेल!"

"शोभेला नाही ती."

"इथे गंजूनच जाणार ना?"

"माझ्यासमोर गंजेल."

सेक्रेटरी हसत गेले, पण ताईंच्या मनात पाल चुकचुकली. एवढ्यावर थांबणारा हा माणूस नव्हता. त्यानंतर गल्लीत राहिलो होतो असं सांगणारी माणसं अधूनमधून येऊ लागली. खिळ्यावर बोट काय, कुणीही ठेवेल. म्हणून ताईंनी स्वतःची एक चाचणी काढली. "गल्लीतल्या दुकानाच्या पायरीवर रस्त्याकडे तोंड करून उभं राहिलं, तर नळ कुठल्या हाताला?" एक म्हातारी उजव्या हाताला म्हणाली. ताईंनी तिला पाणी पाजलं आणि वाटेला लावलं. मग टाय लावलेला एक माणूस आला. तो फटकन डावीकडे म्हणाला आणि एका खिळ्यावर बोट ठेवलं. त्याला किल्ली मिळाली. पुढच्याच महिन्यात ती लॉबीत काचेच्या पेटीत दिसली, खाली दिवा लावलेला. ताईंना वाईट वाटलं, पण संशय आला नाही. त्याची किल्ली, तो काय वाटेल ते करो.

गुलाबी गोंडेवाल्या गृहस्थांनंतर त्या दिवशी दुपारी आला तो साठीकडे झुकलेला चष्मेवाला. हातात कापडी पिशवी, घाम पुसून पुसून रुमालाचा चोळामोळा. फळीकडे त्यानं पाहिलं आणि पटकन नजर काढून घेतली. ताईंनी ते टिपलं.

"ताई, तुमचे वडील... व्हाइसवर वाकलेले असायचे. तुम्ही शेजारी बसायचात. पाय बांधलेला."

"कुणी सांगितलं?"

"सांगायचं काय? मी बघितलंय. मी दहा वर्षांचा होतो."

"पुढे बोला."

"माझी आई शिंप्याकडे काजं-बटणं करायची. आता अंथरुणावर आहे. आजचं काही आठवत नाही तिला. रोज दिवस मावळला की उशीखाली चाचपते. म्हणते, घराला कुलूप लावून आलेय, किल्ली किल्लीवाल्याकडे आहे, ती आण. मी दुसऱ्या किल्ल्या दिल्या. हातात घेते, अंगठ्यानं दाते चाचपते आणि फेकून देते. झोपत नाही मग."

ताईंनी कानस खाली ठेवली. गोष्ट फारच चांगली जमली होती. इतकी नेमकी की कुणीतरी बसून तासल्यासारखी. सेक्रेटरींच्या माणसांची गोष्ट दर खेपेला सुधारतच होती.

"खिळा कुठला?"

"मला नाही माहीत. आई मला कधी पाठवायची नाही, स्वतःच यायची."

"वा. किल्ली पाहिजे आणि खिळा माहीत नाही."

"तिला माहीत असेल. पण तिला इथवर कशी आणू?"

"बरं. नळ कुठल्या हाताला होता? पायरीवरून बघताना."

"उजव्या," तो लगेच म्हणाला.

"आणि शिंपी कुठल्या हातानं कापायचा?"

तो गोंधळला. "हे काय विचारणं झालं? कापतात त्याच हातानं. उजव्या."

ताईंनी कानस उचलली. "सेक्रेटरींना सांगा, पुढच्या वेळी नीट पढवून पाठवा."

"कोण सेक्रेटरी?"

"हो, हो. कोण सेक्रेटरी!"

चष्मेवाल्यानं पिशवीतून पेन काढलं, काउंटरवरच्या रद्दीच्या तुकड्यावर फोन नंबर लिहिला आणि म्हणाला, "तुमचे वडील एवढं बोलायचे नाहीत. खिळ्यावरचं बोट बघायचे फक्त." आणि गेला. ताईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तो तुकडा फेकायला म्हणून उचलला आणि का कोण जाणे, कमरेच्या पिशवीत टाकला.

संध्याकाळी घरी आत्या वेणी घालत बसली होती. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. गल्ली उठली तेव्हा ती लग्नाची होती. मग लग्न राहिलं ते राहिलंच. आता सत्तरी ओलांडली तरी रोज सांजेला आरशासमोर बसून तिची वेणी चालते. आरसा तोच, दुकानातला. नव्या कोनाड्यात ताईंचं तोंडच रस्त्याकडे असतं, तिथे त्याचं काम नव्हतं.

"आज एक नवीन आला होता शेंडी लावायला," चहा टाकता टाकता ताईंनी सगळं सांगितलं. "म्हणे शिंपी उजव्या हातानं कापायचा. इथेच पकडला."

आत्याचा कंगवा केसातच राहिला. "मग कुठल्या हातानं कापायचा?"

"डाव्या. डावखुरा नव्हता का तो?"

"कोण, आपला शिंपी? अगं, माझे फ्रॉकपासून ब्लाउजपर्यंत सगळे कपडे त्यानं शिवलेत. डावखुरा कुठला आलाय!"

"मी रोज बघायचे त्याला, आत्या."

"तू बघायचीस?" आत्या हसली. "तू दादाशेजारी भिंतीकडे तोंड करून बसायचीस. पाय बांधलेला, वळता यायचं नाही. तू याच्यात बघायचीस." तिनं कंगव्यानं आरशावर टकटक केलं.

चहा उतू गेला. ताईंनी गॅस बंद केला आणि आरशासमोर जाऊन उभ्या राहिल्या. पाठीमागे खिडकी, खिडकीतून दिसणारी समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी. आरशात टाकी डाव्या अंगाला होती. त्या वळल्या. टाकी उजव्या हाताला. पुन्हा आरशाकडे वळल्या, पुन्हा खिडकीकडे.

"चक्कर येईल," आत्या म्हणाली. "बस खाली."

"नळ कुठे होता?"

"पायरीवरून? उजवीकडे. वखार डावीकडे. का?"

इतक्या वर्षांत हे आत्याला विचारावं असं ताईंच्या मनातही आलं नव्हतं. जे डोळ्यांनी बघितलं ते दुसऱ्याला काय विचारायचं? त्या खाली बसल्या. पहिली आठवली ती म्हातारी. ती पाणी पिऊन, पेला उपडा ठेवून गेली होती, आणि तिचा पत्ता कुणाला ठाऊक? मग आठवला टायवाला. डावीकडे म्हणाला तो. गल्लीत जो खरंच राहिला असेल तो डावीकडे म्हणूच शकत नव्हता. अंदाजानं ठोकलं, लागलं, आणि कुणाच्या तरी घराची किल्ली ताईंनी स्वतःच्या हातानं खिळ्यावरून काढून दिली. तो हातावर तुरी देऊन गेला, आणि किल्ली काचेत जाऊन बसली. खऱ्यांना हाकललं, खोट्याला दिली. वडिलांनी आरसा लावला होता चोर दिसावा म्हणून.

"काजं-बटणं करणारी कुणी होती का गं?"

"होती एक. लांब वेणीची."

"लांब वेणीच्या तेव्हा सगळ्याच होत्या."

"मग विचारतेस कशाला?" आत्या चिडली. "तुझा तुझ्या डोळ्यांवर विश्वास, माझ्यावर नाही."

डोळ्यांवरचाही आता राहिला नव्हता. पण म्हणून चष्मेवाला खरा ठरतो का? नळ उजवीकडे होता एवढं कुणाच्याही आजीकडून कळू शकतं. बांधलेल्या पायाचंही तसंच. खोटा असेल तर दुसरी किल्ली जाईल काचेत. खरा असेल तर एक म्हातारी थोड्याच वेळात उशी चाचपायला लागेल. ताईंनी दोन्ही बाजू तासून पाहिल्या. कुठलीच बसेना. मग चष्मेवाल्याचं जाता जाता बोललेलं वाक्य आठवलं आणि नाकाला पुन्हा मिरच्या झोंबल्या, कारण ते बरोबर होतं. वडील नळाबिळाचं काही विचारत नसत. बोट बघत. टायवाल्याचं बोट फळीवर कसं पडलं होतं ते ताईंना आठवेना. नळ डावीकडे ऐकल्यावर त्यांनी ते बघितलंच नव्हतं. वर्षानुवर्षं रोज त्याच खिळ्यावर गेलेलं बोट कसं जातं हे बघायला चाचणी लागत नाही. त्यांनी कमरेच्या पिशवीतून रद्दीचा तुकडा काढला आणि फोन लावला.

"मी किल्लीवाली. आईला सकाळी कधी शुद्ध असते?"

"दहा-अकराच्या सुमारास बरी असते. ताई, किल्ली मिळेल का?"

"किल्लीचं मी काही म्हटलेलं नाही. फळी घेऊन येते. सगळी फळी. आईच्या समोर धरायची. तुम्ही खोलीबाहेर उभं राहायचं."

"बाहेर? का?"

"खूण केलीत तर?"

"कसली खूण करणार? मला खिळाच माहीत नाही!"

"तसं तुम्ही म्हणता."

चष्मेवाला हसला की खोकला हे फोनवर कळलं नाही. त्यानं पत्ता सांगितला. ताईंनी तो त्याला दोनदा सांगायला लावला. दोन्ही वेळा सारखाच होता.

"आणि तिनं बोटच ठेवलं नाही तर?" फोन ठेवल्यावर आत्यानं विचारलं.

"तर फळी परत येईल."

"आणि ठेवलं तर?"

ताईंनी जुनी चादर काढली, फळीभोवती गुंडाळायला पुरेल का ते हातांनी मापलं, दुकानाच्या किल्ल्या घेतल्या आणि उजेड होता तोवर कोनाड्यापाशी जाऊन आल्या. शटर त्या रोज साडेनऊला उघडतात. वडील गेले त्याच्या दुसऱ्या दिवशीही उघडलं होतं. आता त्यावर खडूनं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे: उद्या दुकान दुपारी एक वाजता उघडेल.